कोणत्या ऑप्शननी बिल्ड केलंत?

अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून गेले की मी एक प्रश्न हमखास विचारते. प्रोग्रॅम चाललेला असतो, उत्तर बरोबर आलेलं असतं, जर्नलवर सह्या झालेल्या असतात. मग मी विचारते, ‘हा कंपायल करताना कोणते ऑप्शन दिलेस?’ बहुतेक मुलं आपल्या कॉलेजच्या सरांकडे बघतात. एखादी मुलगी सांगते, ‘मॅडम, कंट्रोल-एफ-नाइन दाबलं.’ एखादा म्हणतो, ‘वरचं हिरवं बटण.’ यात मुलांचा दोष नाही. आपल्याकडच्या कित्येक प्रयोगशाळांत सी शिकवायला वर्षानुवर्षं निळ्या पडद्याचं टर्बो सी वापरलं गेलं. १९९० च्या आसपासचं ते सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर डॉसबॉक्समध्ये बसवून चालवतात. त्यात कंपायलर मेनूच्या मागे लपलेला असतो. मुलांना वाटतं, आपण लिहिलं आणि ते चाललं. मधे कोणीतरी शेकडो निर्णय घेतले, हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

मधल्या त्या निर्णयांबद्दल मला लिहायचं आहे. सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार करताना कंपायलरला दिलेल्या सूचना हा त्या प्रोग्रॅमचाच भाग असतो. त्या शिकवल्या पाहिजेत, संशोधनात लिहून ठेवल्या पाहिजेत आणि जनतेच्या पैशातून घेतलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर मागून घेतल्या पाहिजेत.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर. प्रोसेसरला तो कळत नाही. त्याचं प्रोसेसरच्या सूचनांमध्ये रूपांतर करतो तो कंपायलर. गिरणीत गहू तोच असतो, पण पोळीसाठी बारीक आणि लाडवासाठी रवाळ असं आपण सांगतो, आणि काही न सांगता डबा ठेवून आलो तर गिरणीवाला त्याच्या अंदाजाने दळतो. जीसीसी हा सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या कंपायलरांपैकी एक, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला. त्याला काहीच सांगितलं नाही तर तो ओ-झीरो पातळीवर काम करतो, म्हणजे वेग वाढवण्याच्या भानगडीत जवळजवळ पडत नाही. ओ-टू सांगितलं तर नको असलेली पावलं गाळतो, काही हिशेब आधीच उरकून ठेवतो, लूपची मांडणी बदलतो. मार्च-नेटिव्ह सांगितलं तर समोरच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापरतो. फास्ट-मॅथ सांगितलं तर दशांश चिन्हाच्या गणितात सवलती घेतो. डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा सांगितलं तर शंकास्पद ओळी दाखवून देतो. असे ऑप्शन शेकड्यांनी आहेत. शिवाय प्रोग्रॅमचे स्वतःचे ऑप्शन वेगळे: कोणती सोय आत घ्यायची आणि कोणती बाहेर ठेवायची, हे कॉन्फिगर करताना ठरतं.

हा शेवटचा प्रकार किती मोलाचा असतो ते एप्रिल २०१४ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. ओपनएसएसएल ही लायब्ररी इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरांचं कुलूप सांभाळते. २०१२ च्या मार्चमध्ये तिच्या १.०.१ आवृत्तीत ‘हार्टबीट’ नावाची एक सोय आली, समोरचं मशीन अजून जोडलेलं आहे ना हे विचारण्याची. ती आपोआप चालू होती. तिच्यात लांबी तपासायची राहिली होती, त्यामुळे बाहेरचा कोणीही एका प्रश्नागणिक सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंत तुकडे काढून नेऊ शकत होता: पासवर्ड, किल्ल्या, जे हाती लागेल ते. हीच ती हार्टब्लीड. ७ एप्रिलला ओपनएसएसएलने जी सूचना काढली तिच्यात नवी आवृत्ती बसवा असं सांगितलं होतंच. पण ज्यांना लगेच तसं करता येत नाही त्यांनी हार्टबीट वगळण्याचा ऑप्शन देऊन लायब्ररी पुन्हा कंपायल करावी, असंही सांगितलं होतं. कंपायल करताना दिलेल्या एका शब्दाने ते भोक बुजत होतं. ज्या जागी कोणाला ही सोय नकोच होती आणि बिल्ड करणाऱ्याने ‘हे कशाला हवं?’ असं दोन वर्षं आधी विचारलं असतं, तिथे हा धोका आलाच नसता. मी माझ्या विद्यार्थ्यांना ती सूचना वाचायला लावते. अगदी छोटी आहे. सोय आपोआप चालू असते म्हणजे ती आपल्याला हवीच असते, हा समज ती वाचून जातो.

उलटंही घडतं. पायथॉन सोर्सपासून बसवणाऱ्या मुलांचा हा नेहमीचा अनुभव. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल एवढं करून पायथॉन चालू होतं, आणि पॅकेजं आणणारं पिप वापरायला गेलं की एसएसएल मॉड्यूल नाही म्हणून सगळं अडतं. बिल्ड होताना पडद्यावर स्पष्ट आलेलं असतं की अमुक मॉड्यूल बांधता आली नाहीत, कारण त्यांना लागणाऱ्या फाइली सापडल्या नाहीत. त्याच कॉन्फिगरने हेही सुचवलेलं असतं की पूर्ण वेगाचं पायथॉन हवं असेल तर अमुक ऑप्शन द्या. पण पडद्यावरून झरझर सरकणारा तो मजकूर वाचायचा असतो, हे कोणी शिकवलेलंच नसतं. बिल्डची मांडणी करून देणाऱ्या सीमेकचं तर याहून वाईट. बिल्डचा प्रकार सांगितला नाही तर बहुतेक प्रोजेक्टांत ते वेग वाढवणारा एकही ऑप्शन देत नाही. अशा बिल्डवर मोजमाप करून ‘अमुक भाषा तमुक भाषेपेक्षा मंद’ असे निष्कर्ष काढलेले प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्यासमोर येतात, आणि मी ते परत पाठवते.

कंपायलर ही भाषांतर करणारी बिनडोक यंत्रणा आहे असं मानणाऱ्यांना मी २००९ सालचं लिनक्स कर्नलचं प्रकरण सांगते. टन नावाच्या एका ड्रायव्हरमध्ये दोन ओळी उलट्या क्रमाने होत्या. आधी एका पत्त्यावर जाऊन तिथली वस्तू उचलायची, आणि नंतर तो पत्ता रिकामा आहे का ते तपासायचं. जीसीसीने तर्क लढवला: तू त्या पत्त्यावर आधीच जाऊन आलास, म्हणजे तो रिकामा नाही हे तुला माहीत असणार, मग ही तपासणी कशाला? आणि त्याने तपासणी काढून टाकली. भाषेच्या नियमाप्रमाणे तो चुकला नव्हता. पण कर्नलमध्ये रिकाम्या पत्त्यावर हल्लेखोराला आपला माल ठेवता येत होता, आणि तपासणी नाहीशी झाल्यावर त्याला मशीनचा पूर्ण ताबा मिळत होता. ब्रॅड स्पेंगलर यांनी ते करून दाखवलं. त्या ओळी दुरुस्त झाल्याच, शिवाय कर्नलच्या बिल्डमध्ये एक ऑप्शन कायमचा टाकला गेला: रिकाम्या पत्त्याच्या तपासण्या स्वतःच्या मनाने काढू नकोस. सोर्स कोड वाचणाऱ्याला तपासणी दिसत होती आणि चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती नव्हती. ‘आमचा कोड तज्ज्ञांनी तपासला आहे’ असं कोणी सांगितलं की माझ्या डोळ्यांपुढे या दोन ओळी येतात. कोड तपासला, बिल्ड तपासलं का?

आता ज्या विषयावर माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो त्याकडे येते. आकडेमोड.

आमच्याकडे एक विद्यार्थिनी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या पावसावर पीएचडीचं काम करत होती. तिचं साधन डब्ल्यूआरएफ, हवामानाचं मोफत मिळणारं आणि जगभर वापरलं जाणारं मॉडेल. ते सोर्समधूनच बांधावं लागतं. कॉन्फिगर केलं की पडद्यावर कंपायलरांची लांबलचक यादी येते, आणि एका प्रोसेसरवर चालवायचं की अनेकांवर हेही त्यातच ठरवून एक आकडा टाइप करायचा असतो. नंतर एक फाइल तयार होते, तिच्यात ऑप्टिमायझेशनची ओळ असते, ती हाताने बदलता येते. मुलीने जुन्या मशीनवर काही प्रयोग केले होते, उरलेले विभागात आलेल्या नव्या मशीनवर करायचे होते. तुलनेसाठी तिने एक जुना प्रयोग नव्या मशीनवर पुन्हा चालवला. घाटातल्या पावसाचे पट्टे थोडे सरकलेले दिसले, काही ठिकाणचे आकडे नजरेत भरण्याइतके वेगळे. इनपुट तेच, मॉडेलची आवृत्ती तीच. ती माझ्याकडे आली तेव्हा तिला वाटत होतं, मशीनच बिघडलंय.

मशीन ठणठणीत होतं. नव्या मशीनवर मॉडेल बसवणाऱ्याने ते ‘फास्ट’ व्हावं म्हणून त्या ओळीत भर घातली होती आणि कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

संगणकात दशांश चिन्हाचे आकडे ठरावीक जागेत बसवलेले असतात, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. एकावर सोळा शून्यं असलेल्या संख्येत १ मिळवा आणि मग तीच मोठी संख्या वजा करा: नेहमीच्या ६४ बिटांच्या गणितात उत्तर ० येतं, कारण तो १ त्या मोठ्या संख्येत मावतच नाही. आधी वजाबाकी केली आणि मग १ मिळवला तर उत्तर १. विल्यम काहान यांच्या पुढाकाराने १९८५ साली या गणिताचं मानक ठरलं, त्यासाठी त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि प्रत्येक पायरीवर राउंडिंग कसं करायचं याची शिस्त त्या मानकाने घालून दिली. फास्ट-मॅथ म्हणजे कंपायलरला दिलेली मुभा की ही शिस्त पाळू नकोस, क्रम बदल, भागाकाराऐवजी गुणाकार कर, आणि उत्तर ‘संख्याच नाही’ असं कधी येणारच नाही हे धरून चाल. काहान यांनीच दाखवलेली एक पद्धत आहे, बेरजेत हरवणारे तुकडे बाजूला जपून ठेवण्याची. फास्ट-मॅथ दिलं की कंपायलरला ती खटपट निरर्थक वाटू शकते आणि तो ती पुसून टाकू शकतो.

फास्ट-मॅथ दिलं नाही तरी फरक पडतो. नव्या प्रोसेसरांना गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत, मधे राउंडिंग न करता, करता येते. मार्च-नेटिव्ह दिलं की जीसीसी ती सूचना आपणहून वापरतो. उत्तर उलट अधिक नेमकं येतं, पण जुन्या मशीनवरच्या उत्तराशी शेवटच्या अंकात जुळत नाही. आणि हवामानाच्या गणितात शेवटचा अंक शेवटी राहत नाही. एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६१ साली ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ टाइप केलं तेव्हा त्यांच्या छोट्याशा मॉडेलचं हवामान काही काळाने पूर्ण वेगळ्या वाटेला गेलं होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर घबराट होईल. त्या मुलीची दोन उत्तरं वेगळी आली म्हणजे त्यातलं एक खोटं असं नाही. मॉडेलला तेवढी अनिश्चितता असतेच, म्हणून तर एकाऐवजी अनेक वेळा, सुरुवात किंचित बदलून ते चालवतात. पण तिच्या प्रबंधाचा प्रश्न होता, ढगांच्या भौतिकीची योजना बदलली की घाटातला पाऊस किती बदलतो. अर्धे प्रयोग एका बिल्डवर आणि अर्धे दुसऱ्यावर केले असते तर दिसणारा फरक योजनेचा की ऑप्शनचा, हे कोणी सांगितलं असतं? प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात ग्रिडचं अंतर होतं, थरांची संख्या होती, प्रत्येक योजनेचं नाव आणि संदर्भ होता. कंपायलरचं नाव नव्हतं. मी अनेक प्रबंध चाळते, बहुतेकांत ते नसतं. पुण्यात हवामान आणि खगोलशास्त्राच्या संस्था आहेत, १९९१ साली सी-डॅकचा परम ८००० हा महासंगणक इथेच उभा राहिला. आकडेमोडीची एवढी परंपरा असलेल्या राज्यात विद्यापीठांनी प्रबंधाच्या नियमावलीत एक ओळ घालावी: संगणकीय निष्कर्षांसोबत कंपायलर, त्याची आवृत्ती आणि सर्व ऑप्शन द्यावेत. यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

दुसऱ्याने दिलेला ऑप्शन आपल्या गणितात कसा शिरतो याचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. पायथॉनसाठी जीइव्हेंट नावाची एक लायब्ररी आहे. तिचं काम नेटवर्कचं, गणिताशी तिचा काही संबंध नाही. तिच्या बिल्डमध्ये वेगासाठी फास्ट-मॅथचा गुण असलेला ऑप्शन होता. जीसीसीची तेव्हाची रीत अशी, की लायब्ररीला हा ऑप्शन दिला असेल तर ती लोड होताच एक छोटा तुकडा चालायचा आणि अतिसूक्ष्म संख्या थेट शून्य करण्याची सवय तो प्रोसेसरला लावायचा. ही सवय त्या लायब्ररीपुरती नसे. ज्या थ्रेडमध्ये ती लोड झाली तिथलं सगळं गणित बदलायचं, मग तुम्ही आकडेमोडीसाठी कितीही काळजीपूर्वक बांधलेलं नमपाय वापरत असा. २०२२ साली ब्रेंडन डोलन-गॅव्हिट यांनी हा माग काढला आणि आणखी अनेक पॅकेजांत तोच प्रकार सापडला. २०२३ मधल्या जीसीसी १३ ने शेअर्ड लायब्ररींपुरती ही रीत बंद केली. पोस्टग्रेसच्या लोकांनी मात्र फार आधीच दार लावून घेतलं होतं: फास्ट-मॅथ दिलेला दिसला की त्यांचं कॉन्फिगर स्क्रिप्ट तिथेच थांबतं आणि हा ऑप्शन देऊ नका असं सांगतं. ज्या डेटाबेसमध्ये लोकांचे पैसे आणि तारखा राहतात त्याने असंच वागायला हवं.

एवढं सगळं कशासाठी? वेगासाठी. तरुण मुलांना ओ-थ्रीचं भारी आकर्षण असतं, आणि आकर्षण मला आवडतं, कारण त्यातूनच मुलं कंपायलरचं मॅन्युअल उघडतात. पण मोजल्याशिवाय वेगाचा दावा करू नये. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या चार्ली कर्ट्सिंगर आणि एमरी बर्गर यांनी २०१३ साली एलएलव्हीएम कंपायलरवर काळजीपूर्वक मापन केलं. प्रोग्रॅमचे तुकडे मेमरीत कुठे पडतात याचा योगायोग बाजूला काढल्यावर त्यांच्या चाचण्यांत ओ-टूवरून ओ-थ्रीवर गेल्याचा फायदा निव्वळ योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. त्याआधी २००९ साली टॉड मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की फाइली कोणत्या क्रमाने जोडल्या आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल किती लांब आहेत, एवढ्यानेही मापन इकडचं तिकडे होतं. म्हणून माझा सल्ला साधा: ओ-टूवर सुरू करा, चाचण्या चालवा, मोजा, आणि फरक खरंच दिसला तरच पुढे जा.

मार्च-नेटिव्हचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यात माणसं वगळली जातात. स्वतःच्या मशीनसाठी बांधून स्वतःच वापरायचं असेल तर जरूर द्या. जेन्टू लिनक्सवाले वर्षानुवर्षं हेच करत आले. दुसऱ्याला द्यायचं असेल तर देऊ नका. साताऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेला शहरातल्या लोकांनी जुने संगणक दिले होते, सेलेरॉन प्रोसेसरचे, अगदी चालते. तिथल्या गुरुजींनी मुलांसाठी भूमितीचा एक प्रोग्रॅम एका ओळखीच्याकडून तयार बिल्ड करून आणला होता. चालू केला की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढंच लिहून बंद. गुरुजींना वाटलं, आपण काहीतरी बेकायदा करतोय. झालं होतं एवढंच, की बांधणाऱ्याने आपल्या नव्या लॅपटॉपवर नेटिव्ह देऊन बांधला, आणि त्यातल्या सूचना या प्रोसेसरला येत नव्हत्या. सोर्स उपलब्ध होता. तोच सोर्स ६४ बिटांच्या किमान पातळीसाठी, म्हणजे २००३ सालापासूनच्या कुठल्याही अशा प्रोसेसरला कळेल असा बांधला, आणि त्याच संगणकांवर तो चालला. बाणाचं बटण दाबलं की त्रिकोण फिरतो हे बघून चौथीची पोरं ओरडली.

मोठ्या पातळीवर हेच धोरण म्हणून येतं. रेड हॅटच्या लिनक्सच्या २०२२ मधल्या नवव्या आवृत्तीने प्रोसेसरची किमान पातळी दुसऱ्या टप्प्यावर नेली आणि २०२५ च्या दहाव्या आवृत्तीने तिसऱ्यावर. तिसऱ्या टप्प्याला लागणाऱ्या सूचना इंटेलने २०१३ मध्ये हॅसवेल प्रोसेसरांपासून आणल्या, पण त्यानंतरही कित्येक वर्षं निघालेल्या सेलेरॉन आणि पेंटियममध्ये त्या नव्हत्या. म्हणजे वयाने कोवळी पण स्वस्त मशीनं बाद. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीने असं ठरवलं तर मला तक्रार नाही, तिच्या ग्राहकांकडे नवी यंत्रं असतात. डेबियन लिनक्सने मात्र ६४ बिटांसाठी किमान पातळी खालीच ठेवली आहे, आणि माझ्या मते आपल्या शाळांसाठी, ग्रामपंचायतींसाठी, वाचनालयांसाठी तेच योग्य. वेग आणि समावेश यांत एकच निवडावं लागतं असंही नाही. लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत २०२१ पासून अशी सोय आहे, की एकाच लायब्ररीच्या दोन-तीन आवृत्त्या शेजारी ठेवायच्या आणि प्रोसेसर बघून योग्य ती उचलायची. कष्ट बांधणाऱ्याचे वाढतात, वापरणाऱ्याचे नाही. ते त्याने घ्यावेत.

शिकवण्याबद्दल. पहिल्या वर्षाच्या मुलांना सी शिकवताना पहिल्याच तासाला टर्मिनल उघडून जीसीसी हाताने चालवायला लावावं, डब्ल्यू-ऑल, डब्ल्यू-एक्स्ट्रा आणि अॅड्रेस सॅनिटायझर यांच्यासकट. दहा घरांच्या अॅरेत अकराव्या घरात लिहिण्याची चूक प्रत्येक मूल करतं. नुसतं कंपायल केलं तर प्रोग्रॅम अनेकदा निमूट चालतो आणि मूल ती चूक बरोबर म्हणून शिकतं. सॅनिटायझर दिला की प्रोग्रॅम त्या ओळीवर थांबतो, फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर सांगतो. शिक्षक साठ मुलांच्या खांद्यावरून वाकून बघू शकत नाही, हा ऑप्शन बघू शकतो. शिवाय काळही थांबलेला नाही. २०२४ च्या जीसीसी १४ पासून, न जाहीर केलेलं फंक्शन वापरणं ही नुसती वॉर्निंग राहिली नाही, ती एरर झाली. टर्बो सीच्या सवयी घेऊन नोकरीला जाणारी मुलं पहिल्याच दिवशी या भिंतीवर आपटतात, आणि त्यांना वाटतं आपल्यालाच येत नाही. आपण त्यांना असं पाठवतो याची मला चीड येते.

शेवटी सरकारी खरेदी. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना रिमोट लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, आणि त्यातून एक्सझेड या लायब्ररीतलं चोरदार उघडकीला आलं. ते चालू करणारा धागा सगळ्यांना दिसणाऱ्या कोड-भांडारात नव्हताच. तो प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यातल्या बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये होता, आणि बिल्ड होतानाच तो कामाला लागत होता. त्याच वर्षी आपल्या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सर्ट-इनने, सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. चांगलं पाऊल. पण घटक कळले तरी ते कसे बांधले हे कळत नाही. स्टॅकचं संरक्षण दिलं होतं का, बफरच्या तपासण्या चालू होत्या का, प्रोग्रॅम मेमरीत दर वेळी नव्या जागी ठेवता येईल असा बांधला होता का, हे सगळे ऑप्शन आहेत. ओपनएसएसएफ या संस्थेने २०२३ मध्ये त्यांची सविस्तर मार्गदर्शिकाच मोफत प्रसिद्ध केली आहे.

महापालिकेची करभरणा प्रणाली असो की जिल्हा रुग्णालयाची नोंदणी, निविदेत तीन अटी घालाव्यात असं मला वाटतं: कंपायलरची आवृत्ती आणि सर्व ऑप्शन लेखी द्यावेत, संरक्षणाचा नेहमीचा एखादा ऑप्शन वगळला असेल तर त्याचं कारण द्यावं, आणि त्याच सोर्सवरून त्याच ऑप्शननी तिसऱ्या व्यक्तीने बिल्ड केलं तर तोच प्रोग्रॅम तयार झाला पाहिजे. शेवटची अट कठीण आहे हे मला माहीत आहे. डेबियनचे स्वयंसेवक दहा वर्षांहून जास्त काळ त्यावर राबत आहेत, फाइलीत शिरणारी तारीखसुद्धा त्यांना आवरावी लागली. पण त्यांच्या पॅकेजांचा मोठा भाग आज तसा बिल्ड होतो, म्हणजे ते अशक्य नाही.

पुरवठादार सांगतील, ही आमची व्यावसायिक गुपितं आहेत. ती नाहीत. ओपनएसएसएलला आवृत्ती सविस्तर विचारली तर ती कोणत्या ऑप्शननी बांधली ते ती स्वतःच छापून दाखवते. पोस्टग्रेसची पीजी-कॉन्फिग नावाची आज्ञा तेच करते, पायथॉनला विचारलं तर तेही सांगतं. जीसीसीमध्ये तर दिलेले सगळे ऑप्शन तयार होणाऱ्या फाइलीतच नोंदवून ठेवणारा एक ऑप्शन आहे. तो बिल्डमध्ये घातलेला असावा, एवढं निविदेत लिहायला एक ओळ पुरते, आणि ती नोंद तपासायला आमच्या दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही मुलीला एक आज्ञा टाइप करावी लागेल.